त्रेचाळीस पावलं

निवास गुरवला काहीही न करण्याचं काम लागलं होतं. बिनसुट्टीचं, दिवसभराचं काम, आणि वर मुकादम म्हणून त्याची स्वतःची बायको. खुर्चीत बसायचं. तहान लागली तर हाक मारायची, उठायचं नाही. पोरीच्या दप्तराची चेन अडकली तरी हात लावायचा नाही. चाळिशी न गाठलेला गडी असा दारात बसून राहिला की गल्ली बोलणारच, आणि तासगावच्या गल्ल्यांना बोलायला तसंही फार कारण लागत नाही.

पाच वर्षांपूर्वी हाच निवास वीज कंपनीच्या मीटर तपासणी विभागात कंत्राटी टेक्निशियन होता. तासगावात बेदाण्याची शीतगृहं पावलोपावली, आणि त्यातल्या बहुतेकांची मीटरं त्याच्या हाताखालून गेलेली. एका संध्याकाळी स्क्रू आवळता आवळता त्याची बोटं मधेच थांबली. मग महिनाभरात डाव्या डोळ्याची पापणी खाली आली ती वर जाईना. भाकरी चावता चावता जबडा दमायला लागला. मिरजेच्या डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं, मायस्थेनिया ग्रेव्हिस. त्याच्या बायकोला, सुवर्णाला, ते नाव पहिले दोन महिने धड उच्चारता आलं नाही. पुढे ते तिला शेजारणीच्या नावासारखं पाठ झालं.

दुखणं समजायला अवघड नाही. मेंदूनं हुकूम सोडला की तो नसेतून स्नायूपर्यंत येतो. नसेच्या टोकाला एक रसायन सुटतं, ते स्नायूवरच्या बारीक खाचांत जाऊन बसतं आणि स्नायू आवळला जातो. निवासच्या शरीरानं स्वतःच्याच त्या खाचा बुजवायला घेतल्या होत्या. थोड्या खाचा मोकळ्या असत, तेवढ्यावर पहिली काही मिनिटं काम चाले. मग रसायन कमी पडे आणि हात नुसता लोंबत राही. विश्रांती घेतली, गोळी घेतली, की पुन्हा थोडा वेळ बरं. "सप्लाय हाय, मोटर बी चांगली हाय," तो लोकांना सांगे, "मधला सॉकेट गंजलाय." त्यामुळे सकाळी दहाला भेटलेल्या माणसाला निवास ठणठणीत वाटे, आणि दुपारी चारला भेटलेल्याला तो उद्या जाणार असं वाटे. दोघंही गावात आपापलं सांगत फिरत.

यावर एक नवं औषध निघालं होतं. चार महिन्यांतून एकदा सलाईनमधून द्यायचं. दिव्यांग प्रमाणपत्र असलेल्यांना ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळे. बाहेरून घ्यायचं तर घरदार विकूनही दोनदाच झालं असतं. ते नाही मिळालं तर दुखणं हातापायांवरून छातीच्या स्नायूंवर येणार होतं, आणि छाती दमली की श्वास थांबतो. डॉक्टरांनी हे दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. म्हणजे प्रमाणपत्र मिळालं तर निवास जगणार होता, इतका सरळ हिशेब.

आता पट्ट्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्या पट्ट्यानं घडवलं.

पूर्वी डॉक्टरांपुढे एक दिवस उभं राहिलं की टक्के ठरत. धडधाकट माणसं लंगडत आत जात आणि कागद खिशात घालून मोटारसायकलवरून परत येत. वर्तमानपत्रांनी बोंब मारली. सरकारनं समिती नेमली. समितीतली माणसं हुशार होती, हे कबूल करायला हवं. त्यांनी क्षमता निर्धारण मंडळ काढलं आणि क्षमतापट्टा आणला. दंडावर एक, मांडीवर एक, चामडीसारखी पातळ पट्टी. स्नायूत उठणारी वीज ती मोजे, हालचाल मोजे, आणि माणसानं किती ओझं किती वेळ पेललं हे किलोच्या अंशापर्यंत काढी. अर्ज केल्या दिवशी चिकटवायची ती सुनावणी होईपर्यंत काढायची नाही. काढली तर अर्ज रांगेच्या शेवटी.

आणि एवढ्या सगळ्या मोजण्यातून मंडळ एकच आकडा उचलत असे, सर्वांत वरचा. सलग दहा सेकंद टिकलेली सर्वाधिक क्षमता. ती धडधाकट माणसाच्या साठ टक्क्यांच्या वर गेली की अर्ज नामंजूर. समितीचा युक्तिवाद बिनतोड होता. माणूस दुबळा असल्याचं नाटक करू शकतो, पण बळकट असल्याचं नाटक यंत्रापुढे करता येत नाही. तेव्हा त्याचा सर्वांत चांगला क्षण हाच त्याचा खरा क्षण. बैठकीत यावर टाळ्या पडल्या म्हणे. आकडा सुनावणीपर्यंत खुद्द अर्जदारालाही दिसत नसे, नाहीतर लोक आकडा बघून वागतील.

निवासला पट्टा लागला जूनमध्ये. सुनावणी साधारण चौदा महिन्यांनी, असं सांगलीच्या केंद्रावरच्या बागवाननं सांगितलं. हा बागवान पट्टे चिकटवायचा, मशीनला जोडायचा, आणि रडणाऱ्यांना पाणी द्यायचा.

चौथ्या महिन्यात पट्टा तपासून घ्यायला निवास केंद्रावर गेला होता. बाकावर नंबर येईपर्यंत समोरच्या भिंतीवरचा मोठा पडदा बघत बसला. राज्यातल्या प्रत्येक विभागात किती महिने थांबावं लागतं आणि शंभरात किती अर्ज मंजूर होतात, ते मंडळ तिथे अभिमानानं दाखवत असे. निवासनं ते एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. जिथे तीन महिन्यांत सुनावणी होत होती तिथे शंभरात अडुसष्ट मंजूर. सहा महिने लागत होते तिथे एकोणपन्नास. नऊ महिन्यांना चौतीस. आणि त्यांच्या विभागात, चौदा महिन्यांना, बावीस.

बाजूला बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "बगा की. तिकडची लोकं खरी अपंग हैत, आपल्याकडं निस्ती सोंगं." हेच आदल्या आठवड्यात एका वर्तमानपत्रानं अग्रलेखात लिहिलं होतं, जरा शुद्ध भाषेत.

निवास पडद्याकडेच बघत राहिला. कारण हा आकड्यांचा उतार त्याच्या ओळखीचा होता.

शीतगृहासारख्या मोठ्या ग्राहकाच्या मीटरमध्ये नुसती युनिटं मोजत नाहीत, 'एमडी' पण मोजतात. महिनाभरात एका वेळेला जास्तीत जास्त किती वीज ओढली, तो आकडा; त्याचे बिलात वेगळे पैसे लागतात. सगळे कॉम्प्रेसर एकदम चालू झाले, अर्धा तास का होईना, की एमडीचा आकडा वर जाऊन बसतो आणि खाली येत नाही. म्हणून दर महिन्याला रीडिंग घेतलं की तो आकडा शून्यावर आणायचा आणि सील ठोकायचं, ही निवासच्या खात्यातली पहिली शिकवण. रीसेट करायचं राहिलं तर मालक कॉलर धरतो, आणि बरोबर करतो. वर्षभर रीसेट न केलेलं मीटर मालकाची एक दिवसाची चूक वर्षभर मिरवत राहतं. फासा तीनदा टाकला तर सहा पडेलच असं नाही, पण चारशे वेळा टाकल्यावर न पडला तरच नवल. तसंच हे. जितके महिने जास्त, तितका एखादा चांगला दिवस येण्याचा संभव जास्त. तीन महिने थांबलेला आणि चौदा महिने थांबलेला, दोघांचं दुखणं एकच असलं तरी चौदा महिनेवाल्याचा आकडा वर जाणार. सोंग कुणी करत नव्हतं. मीटर रीसेट होत नव्हतं, बस.

त्यानं बागवानला सांगितलं. बागवाननं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं. "दादा, तुमचं खरं असंल. मला कळतंय पण. तुमी लेखी द्या."

निवासनं लेखी दिलं. चार वेळा दिलं. चारही वेळा 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे' असं यंत्रानं लिहिलेलं उत्तर तीन सेकंदांत आलं. वाट बघायला लागू नये म्हणून मंडळानं एवढी एक सोय मात्र छान केली होती.

मग त्यानं ते सुवर्णाला सांगितलं. ही त्याची चूक. इंजिनिअरांना, मंडळाला, वर्तमानपत्राला जे कळलं नाही, ते सातवी शिकलेल्या सुवर्णाला एका चहात कळलं. कप खाली ठेवून ती म्हणाली, "म्हंजे एक बी चांगला दिवस आला न्हाई पायजे."

"तसं न्हवं गं, मी म्हनतूय की मोजायची पद्धत..."

"पद्धत तुमी बदलणार हाय का?"

"न्हाई."

"मंग झालं तर. उद्यापासनं हलायचं न्हाई."

आणि सुवर्णा म्हणजे एकदा ठरवलं की ठरवलं. डोळ्यांत तेल घालून ती नवऱ्याच्या दुबळेपणाची राखण करायला लागली. सकाळी बरं वाटायची वेळ ती ओळखून होती, म्हणून सकाळी आठ ते बारा त्याला खुर्चीतून उठू द्यायची नाही. पाण्याची कळशी, गॅसची टाकी, सगळं त्याच्या नजरेआड. बेदाण्याच्या शेडवर मणी निवडायला जाताना ती बारक्या आर्वीला बजावून जायची, बापाकडं लक्ष ठेव. सातवीतली पोर बापावर नजर ठेवायला लागली. एकदा निवासनं सहज म्हणून शिडीची दोरी आवळली, तर संध्याकाळी आर्वीनं ते आईला सांगितलं. बापाचं भलं व्हावं म्हणूनच सांगितलं पोरीनं. निवास त्या दिवशी जेवला नाही.

जानेवारीत एक सकाळ फार सुरेख उजाडली. उन्हाला ऊब होती, पापणी दोन्हीकडे सारखी उघडत होती, आणि निवासला हातापायांत जुनी सळसळ जाणवली. अशी सकाळ वर्षात दोन-चारदाच यायची.

"येरळेपत्तुर जाऊन येतो," तो म्हणाला. "निस्तं चालत. आर्वीला घिऊन."

सुवर्णा दारात आडवी उभी राहिली. "बसा."

"आगं, चालायचंच हाय. ओझं न्हाई, काय न्हाई."

"नदीवर चढ हाय. येताना तुमी पोरीला पाटकुळी घेणार. मला म्हाईत न्हाई का? बसा म्हनते ना."

"मला बरं वाटतंय गं सुवर्णा."

"त्येचीच तर भीती हाय," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा चेहरा वाकडा झाला. पाच वर्षं या माणसाला बरं वाटावं म्हणून तिनं देवळं आणि दवाखाने पालथे घातले होते. तरीही ती दारातून हलली नाही, आणि निवास खुर्चीत बसला. ती सकाळ त्यानं भिंतीकडे बघत घालवली. बाराला सळसळ गेली, पापणी उतरली, आणि दोघांनाही हायसं वाटलं. हायसं वाटल्याची मग दोघांना लाज वाटली.

एप्रिलात पारा पंचेचाळीसच्या वर गेला. आता दरवर्षीच जातो. बेदाणा शेडवर पत्रे तापून बायकांना भोवळ येई, म्हणून काम पहाटे पाचला सुरू करून अकराला सोडत. सतरा तारखेला सुवर्णा साडेअकराच्या सुमाराला घरी आली. "डोकं लई दुखतंय," म्हणाली आणि मोरीकडं गेली. मग धप्प असा आवाज आला.

निवास गेला तेव्हा ती दगडावर आडवी होती. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं, घामाचा टिपूस नाही. डोळे अर्धवट उघडे. त्यानं पाणी ओतलं, हाका मारल्या. ती काहीतरी बरळली आणि थांबली. आर्वी शाळेत. गल्लीत उन्हामुळं चिटपाखरू नाही. समोरच्या घरातल्या शोभाकाकू तेवढ्या धावत आल्या, पण त्या सत्तरीच्या. त्यांनी रुग्णवाहिकेला फोन लावला. गाडी नाक्यावर येईल, बोळात शिरणार नाही, असं पलीकडून सांगितलं.

उष्माघातात मिनिटं मोजायची असतात, हे निवासला ठाऊक होतं. खांबावर काम करणाऱ्या दोघांना त्यानं असं गेलेलं पाहिलं होतं. आणि त्याला दुसरंही ठाऊक होतं. सकाळपासून तो सुवर्णाच्या हुकुमानं खुर्चीत बसून होता. गोळी घेऊन पाऊण तास झाला होता. म्हणजे त्या घटकेला त्याच्या अंगात वर्षभरातली सर्वांत जास्त ताकद साठलेली होती. त्यानं दंडावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. त्याला पट्टा ओढून काढावासा वाटला. काढला तर अर्ज रांगेच्या शेवटी, आणखी चौदा महिने. न काढला तर आकडा. दोन्हीकडून मरण होतं, पण हा विचार करायला लागलेली दोन सेकंदं त्याला पुढे जन्मभर डाचली.

त्यानं सुवर्णाला उचललं.

मोरीपासून नाक्यापर्यंत तो तिला दोन्ही हातांवर घेऊन गेला. शोभाकाकू मागून ओलं धोतर घेऊन पळत होत्या. तिसाव्या पावलाला खांदे भाजल्यासारखे झाले, मान पुढे पडायला लागली, पण रुग्णवाहिकेचं दार उघडं दिसत होतं. त्यानं तिला आत ठेवलं आणि तिथेच, गाडीच्या पायरीपाशी, धुळीत बसला. मग त्याला बसताही येईना.

सुवर्णा वाचली. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं उशीर झाला असता तर अवघड होतं. निवास पुढे तीन दिवस अंथरुणात होता. घोट गिळता येत नव्हता, बोललेलं कुणाला कळत नव्हतं. पट्ट्यानं ते तीन दिवसही इमानेइतबारे मोजले असतील. पण ते कुणी बघणार नव्हतं, कारण बघायचा होता तो वरचा आकडा.

चौथ्या दिवशी सुवर्णा शुद्धीत, तरतरीत, घरी आली. तिनं पहिलं विचारलं, "मला कुणी न्हेलं गाडीपत्तुर?"

"गल्लीतल्या पोरांनी," निवास म्हणाला.

"तुमी हात लावला न्हाई न्हवं?"

"न्हाई."

"बरं केलं," ती म्हणाली, आणि त्याच्या केसांतून हात फिरवला. तिला सांगू नका म्हणून शोभाकाकूंना त्यानं आधीच हात जोडले होते. खरं सांगितलं तर ही बाई सुनावणीपर्यंत रोज स्वतःला खात बसेल, हे तो जाणून होता. आणि आशा कुणाला सुटते? त्याला वाटे, यंत्र एखादवेळी चुकतं. हजारो मीटरं तपासलेल्या माणसाला असं वाटावं, म्हणजे बघा.

ऑगस्टमध्ये सुनावणी आली. सांगलीच्या केंद्रात एक लहान खोली, समोर पडदा, पडद्यावर पुण्याहून मंडळाच्या सदस्य, डॉ. मृणाल सप्रे. पन्नाशीच्या, थकलेल्या चेहऱ्याच्या बाई. त्या दिवशी त्यांच्यापुढे अडतीस सुनावण्या होत्या, ही एकोणिसावी. वाईट बाई नव्हत्या. वाईट असत्या तर निदान शिव्या घालायला कुणीतरी मिळालं असतं.

"निवास गुरव. बसा. शेजारी कोण, पत्नी का? बसा ताई." त्यांनी एक आलेख पडद्यावर आणला. चौदा महिन्यांची बारीक बुटकी रेघ, आणि दहाव्या महिन्यात एक उंच सुळका. "तुमची नेहमीची क्षमता पस्तीस ते पन्नासच्या आत आहे. इथपर्यंत काहीच अडचण नाही. पण हे बघा. सतरा एप्रिल, सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटं. एक्कावन्न किलो ओझं. त्रेचाळीस पावलं. क्षमता एक्याऐंशी टक्के. काय उचललं होतं तुम्ही?"

निवासच्या शेजारी सुवर्णा होती. तिचा हात त्याच्या हातावर होता. त्याला फक्त एवढंच सुचलं, की हे तिला इथे, असं, कळता कामा नये.

"सिमेंटचं पोतं," तो म्हणाला.

डॉ. सप्र्यांनी मान वर केली. "सिमेंटचं?"

"व्हय. घराचं जरा काम हुतं. मोरीचं."

"गुरव, हे नोंदीवर जातंय. तुम्ही बांधकामाचं पोतं वाहिलंत, असं लिहू?"

"लिवा."

"कुटलं पोतं?" सुवर्णा म्हणाली. तिचा आवाज आधी नुसता नवलाचा होता. "आवं, कुटलं काम? आपल्या घरात कवा आलं सिमेट?" मग ती थांबली. आलेखाखालची तारीख तिनं वाचली. ओठ हलवत, पोर वाचतं तशी, एकेक अक्षर. निवासनं तिच्याकडे पाहिलं नाही. त्याच्या हातावरचा तिचा हात गार पडत गेलेला त्याला कळला.

"बाई," ती पडद्याकडे बघून म्हणाली, "ती मी हुते. सिमेट न्हाई. माझं वजन हाय ते. मला ऊन लागलं हुतं. ह्येनी मला उचललं. मला म्हाईतच न्हवतं हो." आणि मग नवऱ्याकडे वळून, खोलीत दुसरं कुणी नसल्यासारखी ओरडली, "कशाला उचललं? मी सांगितलं हुतं न्हवं तुमाला? कशाला उचललं!"

डॉ. सप्र्यांनी आलेखातला सुळका पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाल्या, "ताई, मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण कारण काय होतं, हे नियम विचारतच नाही. शरीराला जमलं की नाही, एवढंच विचारतो."

"नंतर तीन दिवस मला पानी गिळता येत न्हवतं," निवास म्हणाला. "ते बी हाय की तुमच्याकडं. बगा ना जरा."

"आहे. दिसतंय मला."

"मॅडम, मी मीटरचा मानूस हाय. चौदा महिने एमडी रीसेट न करता तुमी रीडिंग घेतलंय. ह्येला आमच्यात फॉल्टी रीडिंग म्हनत्यात. माझा एकट्याचा न्हाई, ह्या विभागातला प्रत्येक आकडा असाच चढलाय. बाहेरच्या पडद्यावर लावलंय की तुमी, तुमीच!"

डॉ. सप्र्यांनी चष्मा काढला. खोटं कशाला बोला, त्यांना ते समजलं होतं, पहिल्या वाक्यातच समजलं होतं. कदाचित बरेच दिवस आधीही. "तुमचं म्हणणं बरोबर असू शकेल," त्या हळू म्हणाल्या. "ते माझ्या कक्षेत येत नाही. मी एवढंच करू शकते. पोत्याचं वाक्य नोंदीतून काढते, नाहीतर खोट्या माहितीचा वेगळा ठपका लागेल. अर्ज नामंजूर. फेरमापनाचा हक्क आहे तुम्हाला. आजच नवा पट्टा लावून घ्या, म्हणजे रांगेतला आजचा नंबर मिळेल."

"आता किती महिने?" सुवर्णानं विचारलं.

"एकोणीस."

अकरा मिनिटांत सुनावणी संपली. वेळेच्या आत संपली म्हणून बाहेरच्या पडद्यावर मंडळाची सरासरी किंचित सुधारली असेल.

बागवाननं जुना पट्टा सोडवला. खालची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. त्यानं ती कापसानं पुसली आणि कोरी पट्टी काढली. मग तो फॉर्म वाचू लागला. या वेळी फॉर्मात एक नवा रकाना होता.

"घरात उचलून न्यावं लागंल असं कुणी हाय का? लहान मूल, म्हातारं, आजारी मानूस? आसंल तर त्येची दुसरी सोय करावी, असं सुचवलंय मंडळानं."

"न्हाई," सुवर्णा म्हणाली. "कुणी न्हाई."

बागवाननं रकान्यात तसं लिहिलं आणि यंत्र चालू केलं. हिरवा दिवा लागला, मोजणी पुन्हा शून्यापासून.

बसस्टँडवर तासगावची गाडी लागायला अवकाश होता. निवासला बाकावर बसवून सुवर्णा समोर उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते. माणसं येत-जात होती, तिला त्यांची पर्वा नव्हती.

"आयका," ती म्हणाली. "परत मी पडले, तर हात लावायचा न्हाई."

"सुवर्णा..."

"पडू द्यायचं. काकूंना बलवा, पोरांना बलवा. कुणी न्हाई आलं तर न्हाई आलं."

"आनि तुला काय झालं तर?"

"मला झालं तर एकटी मी जाईन. तुमाला झालं तर पोरगी आनि मी, दोगी बी बुडतो. आर्वीची शपथ घ्या. मी पडले तर उचलणार न्हाई, म्हना."

निवासनं तिच्याकडे पाहिलं. याच बाईला हातांवर घेऊन तो त्या दिवशी धावला होता, आणि पाच वर्षांत पहिल्यांदाच त्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटलं होतं. हे तिला सांगायची त्याला फार इच्छा होती. सांगून काय उपयोग, असंही लगेच वाटलं.

"उचलणार न्हाई," तो म्हणाला.

"मोठ्यानं."

"उचलणार न्हाई."

गाडी फलाटाला लागली, लोक दाराकडे धावले. ती जागची हलली नाही. तिनं त्याच्याकडून तिसऱ्यांदा वदवून घेतलं. पहिल्या दोन वेळा तो अडखळला होता. तिसऱ्या वेळी ते शब्द सहज निघाले, आणि ते ऐकून सुवर्णानं त्याला उठायला हात दिला.